वसतिगृहातून आलेले लेकरू बोलू लागले, तर

दिवाळीची सुट्टी लागली की अलिबागहून सुटणाऱ्या एसटीत ट्रंका आणि पिशव्या घेतलेली मुले दिसू लागतात. कुणी पेणच्या वसतिगृहातून, कुणी पनवेलहून, कुणी त्याहून लांबच्या आश्रमशाळेतून आलेले असते. थळच्या नाक्यावर आई वाट पाहत उभी असते. घरी आल्यावर चार दिवस कौतुकाचे जातात. पण एखादे लेकरू जेवत नाही, रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, पोट दुखते म्हणते, आणि सुट्टी संपत आली की "मला परत जायचे नाही" एवढेच सांगते. आपण म्हणतो, अभ्यासाचा कंटाळा आला असेल.

कंटाळाही असेल. या लक्षणांना दुसरी कारणेही असतात, म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. पण विचारायचे राहूही नये. २०१६ च्या दिवाळीत बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातल्या पाळा येथील आश्रमशाळेतून एक आदिवासी मुलगी सुट्टीला घरी आली. तिने पोटदुखीची तक्रार केली, घरच्यांनी खोदून विचारले, आणि आश्रमशाळेत मुलींवर होणारे लैंगिक अत्याचार उघडकीस आले. एका पोटदुखीकडे घरच्यांनी लक्ष दिले, म्हणून सारा महाराष्ट्र हादरला.

वसतिगृह ही आपल्या समाजाची शिडी आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते गरिबाच्या मुलाला शिकता यावे म्हणून. आजही डोंगरातल्या वाडीवरचे किंवा किनाऱ्यावरच्या बौद्धवाडीतले मूल पुढे शिकते, ते बरेचदा अशाच एखाद्या छपराखाली. म्हणूनच हा लेख वसतिगृहांच्या विरोधात नाही. मुलाला घरी बसवणे हा उपाय नव्हे. मुलावर अत्याचार झालाच, तर कायद्याने त्याच्या हातात काय दिले आहे आणि ते कोणत्या क्रमाने वापरायचे, एवढे प्रत्येक आईबापाला ठाऊक असावे, यासाठी हे लिहिले आहे.

आधी ऐका

मूल बोलू लागले की त्याला मध्येच तोडू नका. "तू तिथे गेलीसच कशाला?", "आधी का नाही सांगितलेस?" हे दोन प्रश्न मुलाचे तोंड कायमचे बंद करतात. "तुझी काही चूक नाही, मी तुझ्यावर विश्वास ठेवते, आता हे आम्ही बघू," एवढे म्हणा. मुलाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका आणि शेजारपाजाऱ्यांसमोर तर मुळीच नको. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करून जाब विचारू नका. त्याने पुरावा नाहीसा होतो आणि इतर मुलांवर दबाव येतो.

अत्याचार मुलग्यांवरही होतो. "मुलगा आहे, त्याला काय होते" ही समजूत सोडली पाहिजे.

पहिले तीन दिवस दवाखान्याचे

घटना ताजी असेल तर वेळ घालवू नका. आपल्या भागासाठी अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी ७२ तासांत घेतलेली उत्तम. पाच दिवसांपर्यंत तिचा काही उपयोग होतो. जखमांवर उपचार, धनुर्वात आणि कावीळ-बी यांच्या लसी, इतर गुप्तरोगांच्या तपासण्या ही सगळी कामे याच भेटीत होतात.

शक्य असेल तर तपासणीआधी मुलाला आंघोळ घालू नका आणि कपडे धुऊ नका. अंगावरचे कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ते कुबट होऊन खराब होतात. शरीरावरचे नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेता येतात. आंघोळ झाली असेल किंवा दिवस उलटून गेले असतील, तरीही दवाखान्यात जाच. उपचाराला उशीर असा होत नाही, आणि वैद्यकीय पुरावा नसला म्हणून खटला उभा राहत नाही असेही नाही.

दवाखान्यात तुमचे हक्क पुढीलप्रमाणे आहेत. एफआयआर झालेला नसला तरी तपासणी आणि उपचार करावेच लागतात. तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टर पोलिसांचे पत्र मागू शकत नाहीत. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने अत्याचारग्रस्ताला प्रथमोपचार मोफत दिले पाहिजेत. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते आणि आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातले माणूस तिथे हजर राहू शकते. 'दोन बोटांची चाचणी' बेकायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती अयोग्य ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले. गर्भ राहिला असेल तर अल्पवयीन आणि अत्याचारग्रस्त मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. त्यानंतर वैद्यकीय मंडळ आणि उच्च न्यायालयाकडे जावे लागते, म्हणून पाळी चुकल्याचे लपवू नका.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. मूल १८ वर्षांखालचे असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. त्या भीतीने दवाखाना टाळू नका.

तक्रार संस्थेच्या दारात नको

बहुतेक पालक पहिल्यांदा मुख्याध्यापकाकडे किंवा गृहपालाकडे जातात, आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच विरतात. संस्थेने चौकशी करावी, अहवाल द्यावा, मग पोलीस, असा कोणताही नियम नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो मुलगी आणि मुलगा दोघांनाही लागू होतो. या कायद्याप्रमाणे खबर थेट पोलिसांना द्यायची असते.

वसतिगृह दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी अलिबागच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. 'हद्द आमची नाही' हे कारण चालत नाही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि पोलिसांची ११२ या दोन्हींवर खबर देता येते. पोलिसांनी नोंद नाकारली तर लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. त्यानेही काम झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोक्सोखालील खबर न नोंदवणे हा पोलिसासाठीही गुन्हा आहे.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपी त्याच्या समोर येणार नाही, ही काळजी पोलिसांनी घ्यायची असते. एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते. २४ तासांच्या आत पोलिसांनी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. ही समिती मुलाला तपासापासून खटल्यापर्यंत सोबत करणारी एक सहायक व्यक्ती देऊ शकते. ती मागून घ्या. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी रक्कम देण्याची शिफारसही समिती करू शकते.

ज्यांना ठाऊक होते, तेही जबाबदार

चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला प्रकार ठाऊक असूनही त्याने कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरला. माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

कायदा इथे नेमका आहे. अत्याचाराची माहिती असून न कळवणाऱ्या कोणालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपत असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाने स्वतः सांगितले नाही म्हणून त्याला मात्र शिक्षा नाही. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून स्वयंपाकीण, शिपाई, शेजारच्या खोलीतला विद्यार्थी, कोणीही खबर देऊ शकतो.

अत्याचार करणारा संस्थेचा चालक, शिक्षक किंवा कर्मचारी असेल तर कायदा त्याला अधिक कठोरपणे वागवतो. बलात्काराच्या स्वरूपाच्या कृत्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षे सक्तमजुरी आहे. वाईट हेतूने अंगाला हात लावण्यास किमान पाच आणि कमाल सात वर्षे.

मिटवामिटवी

तक्रार झाली की काही दिवसांत कोणीतरी घरी येते. कधी संस्थेचा माणूस असतो, कधी गावचा पुढारी, कधी आपलाच नातेवाईक. पैशांची भाषा होते, मुलीच्या लग्नाची काळजी दाखवली जाते. तेव्हा एक लक्षात ठेवा: पोक्सोचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. राजस्थानातील एका शिक्षकाविरुद्धचा असा गुन्हा, पालकांशी तडजोड झाली म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो आदेश उलटवला. हा गुन्हा समाजाविरुद्धचा आहे, दोन घरांतले भांडण नव्हे.

इथे आपल्यालाही आरशात पाहिले पाहिजे. संस्था परक्याची असली की आपण मोर्चा काढतो. संस्था आपल्या माणसाची असली, तिच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असली, की "समाजाची बदनामी होईल" असे म्हणून गप्प बसायला सांगतो. बदनामी अत्याचाराने होते, तक्रारीने नाही. तसबिरीखाली लेकराला छळणाऱ्याला जो पाठीशी घालतो, त्याने ती तसबीर काढून ठेवावी.

मुलाचे नाव, फोटो, शाळा किंवा घराचा पत्ता व्हॉट्सॲपवर फिरवू नका, पाठिंबा देण्यासाठीसुद्धा नाही. अत्याचारग्रस्ताची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मुरूडचे उदाहरण

"मुलांचे कोण ऐकणार?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. थळहून अलिबाग, रेवदंडा मागे टाकत खाली गेले की मुरूड लागते. रस्त्यावरच्या निराधार मुलांसाठी निघालेल्या 'अँकरेज शेल्टर्स' या संस्थेची निवासस्थाने मुंबईत कुलाब्याला होती आणि एक मुरूडला होते. २००१ मध्ये तिथल्या मुलग्यांवरील लैंगिक अत्याचारांची तक्रार पुढे आली. डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स हे दोन ब्रिटिश नागरिक आणि संस्थेचा व्यवस्थापक असे तिघे आरोपी होते. दोघे परदेशी देशाबाहेर होते. वॉटर्सला अमेरिकेत अटक होऊन भारतात आणावे लागले. मार्च २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने तिघांनाही दोषी ठरवले. दोघा ब्रिटिशांना सहा वर्षांची सक्तमजुरी झाली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची सुटका केली. मुलांसाठी काम करणारी संस्था आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांची साक्ष ग्राह्य मानून शिक्षा पुन्हा कायम केली.

एका बाजूला परदेशी, पैसेवाले, मोठे वकील देऊ शकणारे आरोपी. दुसऱ्या बाजूला ज्यांना घरच नव्हते अशी मुले. तेव्हा पोक्सो कायदाही नव्हता. तरीही मुलांच्या शब्दावर खटला टिकला. याला दहा वर्षे लागली, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आजच्या कायद्यात मुलाची वाट थोडी सोपी केली आहे. खटला विशेष न्यायालयात, बंद दालनात चालतो. मुलाला आरोपीसमोर उभे करत नाहीत. पडदा किंवा व्हिडिओची सोय असते. आक्रमक, चारित्र्यावर घसरणारे प्रश्न विचारता येत नाहीत. गंभीर कलमांखाली खटला चालला की आरोपीने गुन्हा केला असे गृहीत धरून, तो खोटा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. तपास दोन महिन्यांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तो लांबतो. म्हणून वकील लागतोच. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अलिबागच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

वर्षांनी बोलणाऱ्यांसाठी

हा लेख वाचणाऱ्यांत असे काही असतील, ज्यांच्यावर लहानपणी वसतिगृहात अत्याचार झाला आणि जे आज पंचवीस-तीस वर्षांचे आहेत. त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते. पोक्सोच्या तक्रारीला वयाची आडकाठी नाही आणि मोठे झाल्यावरही ती देता येते, हे केंद्र सरकारनेही ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. घटना १४ नोव्हेंबर २०१२ नंतरची असेल तर पोक्सो लागू होतो. त्याआधीची असेल तर तेव्हाचा भारतीय दंड विधानाचा कायदा लागू होतो: मुलीसाठी बलात्काराचे कलम ३७६ आणि मुलग्यासाठी कलम ३७७. या दोन्हींना मुदत नाही. विनयभंगासारख्या तेव्हाच्या कमी शिक्षेच्या कलमांना मात्र मुदत होती. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा करायचा तर त्यालाही मुदत असते. म्हणून आपले प्रकरण कशात बसते, हे वकिलाकडून तपासून घ्या. जुना शाळेचा दाखला, वसतिगृहाची नोंद, तेव्हाचे पत्र, सोबत राहिलेला मित्र, तेव्हा कुणाला सांगितले होते का, हे सगळे पुरावेच आहेत.

आणि तक्रार करायची नसेल तर? मोठ्या माणसाने ते स्वतः ठरवावे. पण तो माणूस आजही मुलांमध्ये वावरत असेल तर तेवढा विचार करावा. तक्रार करा वा न करा, मनाच्या जखमेवर उपचार घेण्याचा हक्क आहेच. झोप न लागणे, दारू, जवळच्यांवर संताप, स्पर्शाची भीती यांच्या मुळाशी पुष्कळदा हीच जुनी जखम असते. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येते.

ॲट्रॉसिटी आणि अर्थसाहाय्य

मूल अनुसूचित जाती किंवा जमातीचे आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याची कलमेही लावून घ्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ मिळाला, म्हणून जातीचा दाखला हाताशी ठेवा. या कायद्याखाली तपास किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. २०१६ च्या नियमांनुसार बलात्काराच्या प्रकरणात पाच लाख रुपयांचे साहाय्य ठरले आहे. त्यातील निम्मे वैद्यकीय अहवालानंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्रानंतर आणि उरलेले खालच्या न्यायालयातील खटला संपल्यावर मिळतात. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही. पोक्सो मात्र पूर्ण ताकदीने लागतो.

याशिवाय राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे. प्रकरणाच्या गांभीर्यानुसार तिच्यात दहा लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. तिचे कामही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते. सरकारी वसतिगृहाने हलगर्जी केली असेल तर शासनाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्गही आहे.

जूनमध्ये विचारायचे प्रश्न

पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांवर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करण्याचे बंधन घातले आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सुरक्षा समित्यांबाबत आदेश दिले. मुलाला वसतिगृहात सोडताना हेच विचारा. पडताळणी झाली आहे का? मुलींकडे रात्री स्त्री अधीक्षिका असते का? तक्रारपेटी कोण उघडते? मूल आठवड्यातून एकदा घरी, कोणी शेजारी उभे न राहता, फोन करू शकते का? उत्तर द्यायला जी संस्था चिडते, तिच्याविषयी तिथेच कळते.

एकट्या आईने हे विचारले तर तिला बाजूला सारतील. विहारात पौर्णिमेला जमतो तेव्हा बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांची यादी करा. दर महिन्याला दोन पालकांनी एकेका वसतिगृहात जाऊन यावे. १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला तोंडपाठ करून द्या, आणि त्याच्या ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहूनही ठेवा.